तिला आधी काढा

आई,

सोसायटीच्या वर्धापनदिनानिमित्त निघालेल्या स्मरणिकेत तुझ्यावर एक पान आहे. त्या पानाप्रमाणे तू वैद्य होतीस; तुझे वडील वैद्य होते; आणि दोन घरे पलीकडची मुलगी काविळीने अत्यवस्थ झाली असता, “तिला आधी काढा” असे ठामपणे म्हणून, बागेतल्या मुळीचा काढा स्वतःच्या हाताने पाजून, तू तिला तिसऱ्या दिवशी खेळायला लावलेस. यांतले एकही विधान खरे नाही. तुझे वडील गिरणीत साचेखात्यात मागावर होते आणि अडुळसा कोणता व एरंड कोणता हे त्यांना सांगता आले नसते. तू वैद्य नव्हतीस. कोणी तसे म्हटले तर हातातले भांडे जरा जोरात ठेवायचीस. त्या मुलीला तू काढा दिला नाहीस. काढा सोड, पाण्याचा घोटही दिला नाहीस. मी त्या वेळी आपल्या दारापुढच्या ओट्यावर होतो आणि जे बोलले गेले ते मी हाताच्या अंतरावरून ऐकले आहे.

मजकुरात छपाईच्या चुकाही आहेत. ‘वनस्पतीशास्त्र’ असे छापले आहे. ‘वनस्पती’ हा शब्द एकटा असताना शेवटची वेलांटी दीर्घ. समासात तो पुढे आला की ऱ्हस्व, ‘वनस्पतिशास्त्र’. ‘कावीळीने’ नव्हे, ‘काविळीने’. ही दोन उदाहरणे झाली. पानभर लाल शाई लागली. ते पान मी सचिवांना नेऊन दाखवले. तरुण गृहस्थ आहेत, बँकेत नोकरी करतात, लेख त्यांचाच. ते म्हणाले, “काका, एखादी वेलांटी इकडची तिकडे झाली असेल हो. आजींचं कौतुक झालं ना?” हयातभर मुद्रितशोधन केलेल्या माणसाला वेलांटी म्हणजे काय, हे त्यांना समजावत मी बसलो नाही. वेलांटीमुळे माणूस दगावण्याची वेळ आली होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. ती वेळ एका विभक्तिप्रत्ययामुळे आली होती, आणि ती तुझ्या वेळची गोष्ट नव्हे, या वर्षीची आहे. म्हणून हे लिहीत आहे.

बागेपासून सुरुवात करतो, कारण स्मरणिकेने तीही चुकीची सांगितली आहे. चारकोपला आपल्याला बैठे घर मिळाले तेव्हा मागच्या भिंतीपासून कुंपणापर्यंत जी पट्टी होती तिला जमीन म्हणणे धाडसाचे होते. खाडीकडचा भराव तो. वर विटांचे तुकडे, खाली खारट चिखल, आणि उन्हाने तापला की त्यावर मिठाची पांढरी साय धरायची. शेजाऱ्यांनी आपापल्या पट्ट्यांवर लाद्या घातल्या. तू पहिला पावसाळाभर नुसती बघत राहिलीस, की पाणी कुठे थांबते आणि कुठून उतरते. मग तेलाच्या डब्यांची बुडे काढून ते डबे अर्धे जमिनीत पुरलेस आणि त्यांत बाहेरून आणलेली माती भरलीस. गवती चहा, कोरफड, निर्गुडी, माका, खोकल्यासाठी अडुळसा, पोटासाठी ओव्याच्या पानांचे झाड, आणि नळाचे पाणी जिथे साचे त्या कोपऱ्यात वेखंड. अडुळशाची फांदी तू जुन्या चाळीमागच्या कुंपणातून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलीस. ‘हिमालयाच्या पायथ्याशी मिळवलेली दुर्मीळ रोपे’ हे स्मरणिकेचे शब्द वाचून ती फांदी ज्या कचराकुंडीशेजारी उगवली होती ती मला आठवली. तू विंध्याच्या पलीकडे कधी गेली नाहीस.

मासे धुतलेले पाणी सगळ्या झाडांना मिळायचे, तुळशीला सोडून. रविवारी सकाळी तू ते पातेले घेऊन मागच्या दाराने उतरायचीस, एकेका डब्यात ओतत जायचीस, आणि तुळशीपाशी आलीस की पातेले दुसऱ्या हातात घेऊन, पदर आवरून, तिला लांबचा वळसा घालायचीस. अडुळसा त्या पाण्यावर माजला. तुळस साध्या पाण्यावर राहिली आणि तिचेही काही बिघडले नाही, हे नोंदवले पाहिजे. दिवेलागणीनंतर कोणी पान मागायला आले तर तू दारातूनच परतवायचीस. “आता नको, झाडां निजली,” म्हणायचीस. एवढी एक गोष्ट स्मरणिकेत बरोबर आली आहे, फक्त तिला ‘प्रकाशसंश्लेषणाचे प्राचीन ज्ञान’ असे नाव दिले आहे.

तुझी औषधे म्हणजे बव्हंशी स्वयंपाकघर. अजूनही तो स्वयंपाकाचा ओटा मला तसाच दिसतो: शेगडीवर लहान पातेले, त्यात अडुळशाची पिकून पिवळी झालेली पाने, आले, चार मिरे, गूळ. छपाईखान्यातून मी खोकत घरी येतो आणि तू काही न विचारता पेला पुढे करतेस. मी म्हणतो, औषध झाल्यावर थोडा चहा दे. तू म्हणतेस, वखद घेतल्यावर लगेच चहा नको. मी म्हणतो, ‘वखद’ नव्हे, ‘औषध’. तू गाळणी आपटून त्यातली पाने काढून टाकतेस आणि माझ्याकडे न बघता विचारतेस, “वखद म्हटला तर गुण कमी येता काय रे?” मी पेला रिकामा करतो. खोकला मात्र जायचा.

एका वर्षी मी तुला झाडांसाठी पत्र्याच्या पाट्या रंगवून आणून दिल्या. प्रत्येकीवर झाडाचे नाव, शुद्ध, सुवाच्य अक्षरात. तुला त्या फार आवडल्या. तू त्या धुतल्यास, पुसल्यास आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या चुकीच्या डब्यांत खोवल्यास. कोरफडीपुढे ‘अडुळसा’, वेखंडापुढे ‘माका’. मला वाटले, वाचण्यात गफलत झाली. तू अक्षरे लावत लावत वाचायचीस. मी त्या बदलून बरोबर लावल्या. तू पुन्हा बदलल्यास. तिसऱ्या खेपेस मी कारण विचारले, तेव्हा तू म्हणालीस, “पाटी वाचून कोणी पान खुडूक नको. माका इचारूक होया.” हा ‘माका’ म्हणजे ‘मला’. तुझे म्हणणे असे, की नाव कळले म्हणजे माणसाला वाटते सगळे कळले. त्यानंतर मी त्या पाट्यांना हात लावला नाही; फक्त त्या बाजूने जाताना मान वळवून जात असे, कारण चुकीच्या जागी लावलेला शुद्ध शब्द मला अशुद्ध शब्दापेक्षा जास्त बोचतो.

लोक विचारायला येत. खोकला, पोटातला वात, मुरगळलेला पाय, बाळंतिणीचे केस, यांसाठी तू पाने द्यायचीस. पण तुझी एक हद्द होती आणि ती तू कोणासाठीही ओलांडली नाहीस. माणूस आला की तू आधी त्याच्या डोळ्यांची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायचीस. डोळ्यांत काही दिसले, पिवळे असो की रक्त उतरल्यासारखे लाल असो, की पदराला हात पुसून म्हणायचीस, “डोळ्यांत दिसता ता माझ्या परसातला न्हय.” आणि डॉक्टरकडे पाठवायचीस. तुझा धाकटा भाऊ गावी काविळीने गेला तेव्हा काविळीचे औषध देणारे एक घर वाडीत होते आणि तिथून रोज सकाळी मुळी येत होती. तू हे मला एकदाच सांगितलेस, तांदूळ निवडता निवडता, आणि मग विषय बदललास.

आता त्या दिवसाकडे येतो. पितृपक्ष होता. हे मला पक्के आठवते, कारण दिवाळी अंकांचे काम निघाले होते आणि मी प्रुफे घरी आणून दारापुढच्या ओट्यावर बसून तपासत होतो. दुपारची वेळ. पलीकडच्या घरातले गृहस्थ, बसवर वाहक असलेले, आपल्या मुलीला खांद्यावर टाकून येतात. मागे त्यांची म्हातारी आई, आणि तिच्यामागे गल्लीतल्या बायका. म्हातारी काही दिवस नातीला गावाहून मागवलेल्या पुड्या पाण्यातून देत होती. मुलीचा रंग हळदीसारखा झाला आहे, पण तू रंगाकडे बघतच नाहीस. तू तिच्या नावाने हाक मारतेस. ती डोळे अर्धवट उघडते, भलतेच काही पुटपुटते आणि पुन्हा मिटते. तू पापणी ओढतेस. मग तिच्या वडिलांकडे वळून, आवाज न चढवता, तीन शब्द म्हणतेस: “तिका आधी काढा.” ते विचारतात, कुठे नेऊ. तू रुग्णालयाचे नाव सांगतेस. ते मागे न बघता फाटकातून निघतात आणि कोपऱ्यावरची रिक्षा पकडतात. म्हातारीला त्या घाईत कोणी बरोबर घेतले नाही. ती आपल्या पायरीवर बसून रडू लागली, म्हणून तू आत जाऊन तिच्यासाठी गवती चहा आणि आले घालून चहा टाकलास. बायका फाटकाशी उभ्याच होत्या. त्यांनी तीन शब्द ऐकले होते, आता पातेल्याचा आवाज ऐकला, आणि मग त्यांना वासही आला; पुढे सांगता सांगता तो वास आधीचा झाला आणि रिक्षा नंतरची. त्या बायकांत आजच्या सचिवांच्या आई होत्या.

व्याकरण असे आहे. ‘तिका’ म्हणजे ‘तिला’. आपल्या बोलीतला ‘क’ काय किंवा प्रमाण मराठीतला ‘ला’ काय, तो द्वितीयेचाही प्रत्यय आहे आणि चतुर्थीचाही. द्वितीया मानली तर ‘काढा’ हे क्रियापद ठरते: मुलीला इथून हलवा, बाहेर न्या. चतुर्थी मानली तर ‘काढा’ हे नाम ठरते, आणि ‘द्या’ हे क्रियापद ऐकणाऱ्याने मनातून घालायचे. वाक्य तेच, उच्चार तोच. एका अर्थाने मुलगी रुग्णालयात जाते, दुसऱ्या अर्थाने घरात राहते. तिच्या वडिलांनी द्वितीया ऐकली. फाटकातल्या बायकांनी चतुर्थी ऐकली. मुलगी बरी होऊन आली ती द्वितीयेमुळे, आणि गल्लीत नाव झाले ते चतुर्थीचे.

तू नाकारत राहिलीस, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो. “मी काय दिलंय नाय,” असे तू नळावर, लग्नात, हळदीकुंकवात, विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितलेस. पण आपल्याकडे काविळीचे औषध देणारा मनुष्य त्याचा उच्चार करीत नाही. केला तर हाताचा गुण जातो, अशी समजूत आहे. त्यामुळे तुझा प्रत्येक नकार हा पुरावा ठरला. जितक्या स्पष्टपणे तू नाही म्हणालीस तितक्या आदराने त्या मान हलवीत. शेवटी तू सांगणे सोडून दिलेस आणि फक्त भांडे जोरात ठेवू लागलीस.

आता बाग मी सांभाळतो. घरात मी एकटाच आहे. सकाळी गवती चहा पितो, खोकला झाला तर अडुळसा उकळतो, बाकी कोणाला काही सांगत नाही. मासे मी आणत नाही, त्यामुळे अडुळसा पूर्वीसारखा राहिलेला नाही.

स्मरणिका वाटून झाल्यावर थोड्याच दिवसांनी ती मुलगी आली. मुलगी म्हणतो, पण चाळिशी ओलांडलेली बाई आहे. नाहूरला राहते, एका शाळेच्या कार्यालयात काम करते. वडिलांनी पाठवलेली स्मरणिका तिच्या पर्समध्ये तुझ्या पानावर दुमडलेली होती. ती बसलीच नाही. तिच्या नवऱ्याला कावीळ झाली होती. तपासण्या पाहून डॉक्टरांनी आजच्या आज दाखल करा म्हणून सांगितले होते, आणि तो तयार नव्हता. आधी घरगुती करून बघू, तुझ्या त्या शेजारच्या आजींचे औषध आण, असे त्यानेच म्हटले होते. सकाळपासून तो झोपाळल्यासारखा होता आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होता. हे ती सांगत असताना मला खांद्यावर टाकलेले ते पुटपुटणारे मूल दिसत होते, आणि ते मूल माझ्यासमोर उभे राहून औषध मागत होते.

“काका, तेच द्या, जे मला दिलं होतं,” ती म्हणाली.

मी सांगितले, “तुला काहीही दिलं नव्हतं.”

ती हसली. रडवेली होती, तरी हसली. “आजी पण अगदी असंच म्हणायच्या. म्हणजे आहे.”

मी तिला विभक्ती समजावून सांगितली; द्वितीया, चतुर्थी, अध्याहृत क्रियापद, सर्व. घाई होती हे मला कळत होते, तरी दुसऱ्या कोणत्या मार्गाने सांगावे हे कळत नव्हते. तिने मध्येच घड्याळ बघितले. “काका, मी व्याकरणात काठावर पास झालेली आहे. मला एवढंच माहितीये, मी आज आहे ती त्या काढ्यामुळे. अजून ती कडू चव आठवते मला.” मी म्हणालो, ती चव तुझ्या आजीच्या पुड्यांची आहे, रोज देत होती ती. तिने ऐकले की नाही कोण जाणे. ती सरळ मागच्या दाराने उतरून बागेत गेली. मोबाइलवर तिने एका रोपट्याचे चित्र शोधून ठेवले होते. ते डब्यांशी लावून बघत बघत ती पाण्याच्या पिंपापर्यंत पोहोचली आणि तिथे थांबली. पिंपाच्या बुडाशी भुईआवळी उगवली होती. काविळीवर लोक देतात तीच.

“मग ही कशाला लावलीत?”

“ही लावलेली नाही. उगवलेली आहे.”

“एकच ना ते.”

“एकच नाही,” मी म्हणालो. पण हा फरकही व्याकरणाचाच होता आणि त्याने काही होणार नव्हते. तुझ्या पाट्या केव्हाच गंजून गेल्या आहेत आणि आता लोक चित्र घेऊनच येतात. ती खाली बसली. देठ तिने चिमटीत धरला. मी तिचा हात धरून तिला उठवू शकत नव्हतो, आणि तुझ्याविषयी एवढ्या वर्षांत जे घट्ट झाले होते ते मला दोन वाक्यांत मोडता येत नव्हते. शिवाय त्या मुलीच्या मनात तू जी होतीस ती मोडल्याशिवाय तिच्या नवऱ्याला रुग्णालय दिसणार नव्हते. मी म्हणालो,

“तेका आधी काढ.”

मी हे आपल्या बोलीत का म्हणालो ते सांगता येत नाही. प्रमाण भाषेतली माझी सर्व वाक्ये बहुधा संपली होती. तिने मान वर केली.

“काढ? काय काढू?”

“त्याला. घरातून.”

ती हळूच म्हणाली, “आजी ‘काढा’ म्हणाल्या होत्या. सगळे तेच सांगतात.”

“तुझ्या बाबांना म्हणाली. त्यांना ती अहो-जाहो करायची. तुला सांगायचं असतं तर ‘काढ’ म्हणाली असती.”

आदरार्थी अनेकवचन, आई. इतक्या वर्षांत माझ्या हे ध्यानात आले नव्हते. द्वितीया की चतुर्थी, हा वाद मी मनाशी कितीदा मिटवला होता, पण घोळ प्रत्ययाचा नव्हताच. शेजाऱ्याला मान देण्याच्या तुझ्या सवयीचा होता. एकवचनात ‘काढ’ हे निव्वळ क्रियापद आहे. त्याचा काढा होऊ शकत नाही.

ती मुलगी देठ धरून तशीच बसली होती. “बाबा सांगतात, आजींनी मला बघितलं आणि ते धावत सुटले,” ती म्हणाली. “मला वाटायचं, काढा पाजल्यावर ते धावले.” तिने देठ सोडला. उठता उठता दिराला फोन लावला, आणि इतका वेळ मला ‘द्या ना काका’ म्हणणारा आवाज एकदम दुसराच झाला. “भाऊजी, ह्यांना उचला. नाही म्हणाले तरी उचला. गाडी बोलवा, मी थेट तिकडेच येते.” माझा निरोप घ्यायचे तिच्या लक्षात राहिले नाही, आणि ते योग्यच होते.

तो पुष्कळ दिवस रुग्णालयात होता. त्यांतले काही दिवस असे होते, की तिच्या फोनची वाट बघत मी वर्तमानपत्रातले अग्रलेख तपासत बसलो आणि एकही चूक सापडली नाही, यावरून माझे लक्ष नव्हते हे उघड आहे. आता तो घरी आहे. गल्लीच्या टोकापर्यंत चालतो, बसतो, आणि उकडलेल्या भाज्यांना नावे ठेवतो. ती परवा त्याला घेऊन आली होती. त्याने मला वाकून नमस्कार केला, तो मला आवडला नाही, कारण त्यात काय दडले आहे ते मला माहीत होते. आणि झालेही तसेच. मागच्या आठवड्यात नाहूरहून एक अनोळखी गृहस्थ आले; आईच्या गुडघ्यासाठी निर्गुडीची पाने हवी होती. ती मी दिली, तेवढे तुझ्या हद्दीत बसते. पाने पिशवीत ठेवून ते घुटमळले. म्हणाले, “त्या ताई सांगत होत्या, तुम्ही पानांबरोबर काहीतरी म्हणता. आजींनी दिलेलं.” मी म्हणालो, व्याकरण. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

त्याच दिवशी मी शुद्धिपत्र लिहून सचिवांकडे गेलो. त्यांनी ते वाचले. या खेपेला ते वेलांटीविषयी काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण काका, आजींनी काहीच दिलं नाही असं म्हटलं, तर ह्या पानावर उरतं काय?” प्रश्न रास्त होता. उरते ते एवढेच, की एका बाईने एका मुलीची पापणी ओढून बघितली आणि हे आपले काम नव्हे असे वेळेवर सांगितले. माझ्या मते एका पानाला तेवढा मजकूर पुरतो. सचिवांचे मत वेगळे आहे. लोकांना वाचायला काही हवे ना, असे ते म्हणतात. त्यांच्या आईंना हे कळवायचे नाही, या अटीवर त्यांनी शुद्धिपत्र सूचनाफलकाच्या काचेत लावायचे कबूल केले. त्या बाई सत्तरी उलटलेल्या आहेत आणि फाटकाशी उभे राहून ऐकलेला तो काढा अजून सगळ्यांना सांगतात. मी अट मान्य केली. वरचे शीर्षक त्यांनी ‘शुद्धीपत्र’ असे टंकित केले होते. तेवढे तिथल्या तिथे बदलून घेतले.

ज्या तारखा मी दुरुस्त केल्या त्या तुलाही माहीत असाव्यात, म्हणून खाली उतरवतो. हा कागद कोठे पाठवायचा नाही, त्यामुळे वर पत्ता नाही.

बागेची सुरुवात: ‘वास्तुशांतीच्या दिवशी’ असे छापले आहे, ‘त्यानंतरच्या पावसाळ्याअखेर, घटस्थापनेच्या दिवशी’ असे वाचावे. घटासाठी आणलेली माती उरली, ती पहिल्या डब्यात गेली.

मुलीचे आजारपण: ‘श्रावणात’ असे छापले आहे, ‘पितृपक्षात’ असे वाचावे.

मुलीचे बरे होऊन परतणे: ‘तिसऱ्या दिवशी’ असे छापले आहे, ‘दसरा उलटून गेल्यावर, रुग्णालयातून’ असे वाचावे.

आजींचे निधन: ‘गुढीपाडव्याच्या मंगल दिवशी’ असे छापले आहे, ‘त्याआधीच्या होळीला, सकाळी’ असे वाचावे.

आजींचे वाक्य: ‘तिला आधी काढा’ असे छापले आहे, ‘तिला इथून आधी काढा’ असे वाचावे.

यांतला ‘इथून’ तू म्हणाली नव्हतीस. तो मी घातला आहे.